औषधांच्या कसोटीतील स्त्री



वैद्यक हा माझ्या अध्यापनाचा विषय नव्हे. परंतु नोंद कोणाची झाली आणि कोणाची राहून गेली, हा प्रश्न वाङ्मयाच्या अभ्यासकालाही टाळता येत नाही.

थॅलिडोमाइड या झोपेच्या औषधामुळे हजारो अर्भके व्यंग घेऊन जन्मली, हे १९६१ साली उघडकीस आले. पुढे १९७७ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने गर्भधारणाक्षम स्त्रियांना आरंभीच्या चाचण्यांतून वगळण्याची सूचना केली. हेतू रक्षणाचा होता. पदरी मात्र अज्ञान आले. ही सूचना १९९३ साली मागे घेण्यात आली.

ॲस्पिरिनचा इतिहास या दृष्टीने बोलका आहे. मेंदूचा रक्तपुरवठा क्षणकाल खंडित झालेल्या ५८५ रुग्णांवरील कॅनडातील चाचणीचे निष्कर्ष १९७८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत स्त्रियांची संख्या पुरुषांच्या निम्म्याहूनही कमी होती. पक्षाघात वा मृत्यू टळण्याचा लाभ पुरुषांत दिसला, स्त्रियांत दिसला नाही. ‘लाभ सिद्ध झाला नाही’ आणि ‘लाभ होत नाही’ यांतील भेद मग पुसट झाला. अमेरिकेत १९८० साली या उपयोगास पुरुषांपुरतीच मान्यता मिळाली. स्त्रियांना ती १९९८ पर्यंत लाभली नाही.

खेड्यांतील स्त्रिया चाचणीस मिळत नाहीत, ही सबब आपल्या सीमाभागाने खोटी ठरविली आहे. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाच्या सहभागाने जिल्ह्यातील १,६२० बाळंतिणींवर मिसोप्रोस्टॉलची कसोटी झाली. परिचारिकांनी ती खेडोपाडी पार पाडली. प्रसूतीनंतरच्या अतिरक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ वर आल्याचे २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे सहा देशांतील ११,९७६ प्रथम गर्भवतींवर ॲस्पिरिनचीच चाचणी झाली, तिच्या भारतातील केंद्रांत नागपूरसह बेळगावही होते. अकाली प्रसूतीचे प्रमाण १३.१ टक्क्यांवरून ११.६ वर आल्याचा तिचा निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाला.

येथे विचार करावयास हवा. या स्त्रिया कसोटीत आल्या त्या माता म्हणून. निपाणीच्या वखारींत तंबाखू चाळण्यात आणि विड्या वळण्यात आयुष्य वेचलेली स्त्री साठीत पक्षाघाताने वा कंपवाताने अंथरुणास खिळते, तेव्हा तिच्यासाठी औषधाची मात्रा कोणत्या देहावर पारखलेली असते? मातृत्व सरले म्हणजे देहाचे मोल सरत नाही. बाळंतिणीच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचलेले शास्त्र त्याच वाटेने या वृद्धेच्या दारीही जाऊ शकते. ते तेथे न्यावे, हे काम या शाळेतून वैद्यक व्यवसायात गेलेल्यांवर मी आज सोपवितो.