भरतीबरोबर महाडला

साल १७९६. पावसाळा सरला आहे आणि तुम्ही बाणकोटच्या खाडीतून मचव्यात बसून सावित्री चढता आहात. नावाडी घाईत आहे. पाणी उतरायच्या आत महाड गाठलं नाही, तर मचवा गाळात रुतून पुढच्या भरतीची वाट बघत बसावं लागेल. वाटेत दासगाव लागतं. बाणकोटाबरोबर ते १७५६ च्या तहात इंग्रजांकडे गेलं, त्यामुळे इथून पुढे पुन्हा पेशव्यांचा अंमल.

धक्क्यावर पाय ठेवताच सुकटीचा उग्र वास येतो. मीठ, नारळ, सुकी मासळी इथे उतरते आणि बैलांच्या पाठीवर लादली जाते. पुढे दोन वाटा. एक वरंध घाटाने भोरकडे, दुसरी पोलादपूरवरून पार घाटाने वाईकडे. चढणीआधीचा शेवटचा मुक्काम पोलादपुरात. तिथून प्रतापगडाच्या कुशीतून देशावर. कोकण आणि देश यांची शीव सह्याद्रीच्या कड्यावर असली, तरी तिचा बाजार खाली महाडात भरतो.

पण यंदा पेठेत बैलांपेक्षा घोडी जास्त दिसतात. पुण्यातल्या कारस्थानांतून निसटलेले नाना फडणवीस इथे येऊन राहिले आहेत. सवाई माधवराव गेल्याला वर्ष होत आलं, गादीवर कोणाला बसवायचं याची खलबतं चालली आहेत. ऑक्टोबरात निजामाशी तह होतो तो महाडचा. खर्ड्याच्या लढाईनंतर गमावलेला मुलूख त्यात निजामाला परत मिळतो, आणि डिसेंबरात दुसरा बाजीराव पेशवा होतो. सहा वर्षांनी होळकरांपुढून पळताना हाच बाजीराव याच महाडावरून सुवर्णदुर्गाकडे जाणार आहे.

पेठेबाहेर पडून गांधारपाल्याच्या डोंगराकडे बघा. तिथली लेणी तेव्हाही दीड हजार वर्षांहून जुनी होती. कुमार काणभोअ वेण्हुपालित याने लेणं, चैत्यगृह, भिक्षूंसाठी खोल्या आणि पाण्याची टाकी दिल्याचा लेख तिथे कोरलेला आहे. वाटसरूला सावली आणि पाणी द्यावं, एवढं या खोऱ्याला फार पूर्वीपासून ठाऊक होतं. म्हणून पुढचं बघताना जीव जास्त तुटतो.

आता १९२७ च्या मार्चमध्ये या. ऊन तापलं आहे. एक महार वतनदार सरकारी टपाल घेऊन, दुसरा बाजारहाट करायला गावात आला आहे. वाण्याला त्यांचा पैसा चालतो, मामलेदाराला त्यांची सेवा चालते. तहान लागली, तर मात्र चवदार तळं समोर असून त्यांनी वस्तीतल्या दूरच्या विहिरीवर जायचं. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ मध्येच मंजूर झाला आहे. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही तळं सर्वांना खुलं केलं आहे. पण तो हक्क अजून कोणी बजावलेला नाही.

२० मार्चला तुम्ही महाडात भरलेल्या अस्पृश्यांच्या परिषदेच्या मांडवातून मिरवणुकीबरोबर निघा. रस्ता पेठेतून जातो. तळ्याच्या पायऱ्या उतरून डॉ. आंबेडकर ओंजळभर पाणी घेतात, मागोमाग हजारो माणसं. थोड्याच वेळात वीरेश्वराच्या देवळात घुसणार अशी आवई उठते आणि परतणाऱ्या लोकांवर लाठ्या पडतात. पुढे १०८ घागरी पंचगव्य ओतून तळं ‘शुद्ध’ केलं जातं. ऑगस्टमध्ये नगरपालिका आपला ठराव मागे घेते. डिसेंबरच्या परिषदेला गावात कोणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने आपली जमीन दिली. तिथेच २५ डिसेंबरला मनुस्मृतीचं दहन झालं. महाडने फत्तेखानांचं नाव अजून मोठ्याने घ्यायला हवं.

धक्का, मचवे आता उरले नाहीत, मालवाहतूक मुंबई-गोवा महामार्गावर गेली. नदी मात्र पेठ विसरलेली नाही. जुलै २०२१ मध्ये तिचं पाणी दुकानांत, घरांत शिरलं, आणि गाळ उपसता उपसता लोकांचे हात भरून आले.

रायगडला जाताना महाडात नुसते चहापुरते थांबू नका. नदीकाठापासून पेठेतून चवदार तळ्यापर्यंत पायी चला. ज्या तळ्यावर १९२७ मध्ये डोकी फुटली, ते सर्वांचंच आहे, हा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी दिला.