पत्र सुटते, पण पोचत नाही : छोट्या मेल सर्व्हरच्या दुखण्याचा इतिहास

#थ्रेड

एखादा मुद्रक वा लघुउद्योजक स्वतःच्या डोमेनवरून, स्वतःच्या मेल सर्व्हरमार्फत ग्राहकास कोटेशन पाठवतो. सर्व्हरच्या लॉगमध्ये पलीकडून पत्र स्वीकारल्याची नोंद असते, मात्र ग्राहक म्हणतो, काहीच आले नाही. चार दिवसांनी ते पत्र स्पॅमच्या फोल्डरात सापडते, तोवर काम दुसऱ्याच्या हाती गेलेले असते. बिघाड आजचा दिसत असला, तरी त्याची कारणे जवळजवळ अर्धशतकाच्या घडामोडींत दडलेली आहेत. मित्रहो, आज त्याच घडामोडींविषयी.

ऑगस्ट १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांचा आरएफसी ८२१ हा दस्तऐवज प्रसिद्ध झाला आणि एसएमटीपी ही टपालाची रीत ठरली. दोन यंत्रांमधील हा संवाद इतका साधा आहे की माणूसही तो हाताने टंकू शकतो. 'हेलो' म्हणून ओळख सांगायची, 'मेल फ्रॉम' म्हणून पाठवणाऱ्याचा पत्ता द्यायचा, मग घेणाऱ्याचा, आणि 'डेटा' म्हटल्यावर मजकूर. पाठवणारा खरोखर तोच आहे काय, हे विचारण्याची सोय त्यात नव्हती. पाकिटावर प्रेषक म्हणून कोणाचेही नाव लिहावे, तसेच हे. यास भोळेपणा म्हणण्याची प्रथा आहे, पण मला ते अन्यायाचे वाटते. त्या काळी जाळ्यावर मुख्यतः विद्यापीठे, प्रयोगशाळा आणि संरक्षण संशोधनाच्या संस्था होत्या. प्रत्येक यंत्र दुसऱ्याशी थेट जोडलेले नसे, म्हणून परक्याचे टपाल पुढे पोचवणे हा शेजारधर्मच होता. पुढे याच शेजारधर्माला 'ओपन रिले' हे दूषणवजा नाव मिळाले.

धोक्याची घंटा मात्र त्यापूर्वीच वाजली होती. मे १९७८ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या गॅरी थ्यूर्क यांनी नव्या संगणकांच्या प्रात्यक्षिकाचे निमंत्रण अर्पानेटवरील सुमारे ४०० जणांना एकदम धाडले. बराच संताप झाला, समज दिली गेली, आणि प्रकरण मिटले. लहान गावात एवढे पुरते. १९९४ मध्ये कँटर आणि सीगल या अमेरिकी वकील दांपत्याने ग्रीन कार्डच्या जाहिरातीने यूजनेटचे हजारो चर्चागट भरून टाकले, तेव्हा गाव लहान राहिले नव्हते आणि समज देणारेही कोणी उरले नव्हते.

आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सार्वजनिक इंटरनेट सेवा सुरू केली. मुंबई हे तिच्या पहिल्या केंद्रांपैकी एक. त्या पिढीच्या व्हिजिटिंग कार्डांवर व्हीएसएनएलचा पत्ता असे, तेव्हा टपाल पोचवण्याची चिंताही निगमाचीच होती. स्वतःचा सर्व्हर चालवण्याची हौस आणि डोकेदुखी नंतरची.

दरम्यान जाहिरातबाजांनी उघड्या रिलेंचा ताबा घेतला. दुसऱ्याच्या सर्व्हरला एक प्रत द्यायची आणि त्याच्याकडून हजारो पत्ते गाठून घ्यायचे, म्हणजे वाहतुकीचा खर्च त्याचा आणि शिव्याही त्यालाच. अखेर १९९८ मध्ये सेंडमेल या त्या काळच्या प्रमुख मेल प्रणालीने आपल्या ८.९ आवृत्तीत परक्याचे टपाल पुढे पाठवणे मुळातच बंद ठेवले. त्याआधी, १९९७ च्या सुमारास, पॉल व्हिक्सी आणि डेव्ह रँड यांची काळी यादी आली होती. तिची युक्ती मोठी चतुर. समोरच्याच्या आयपी पत्त्याचे चार आकडे उलट क्रमाने लावून डीएनएसला विचारायचे. यादीत असेल तर १२७.०.०.२ असे उत्तर येते, नसेल तर असे नावच नाही असे कळते. न्यायालय नाही, वकील नाही, निकाल क्षणात.

येथून छोट्या सर्व्हरची खरी परवड सुरू होते. काळ्या यादीत नोंद माणसाची नसते, आयपी पत्त्याची असते. आज क्लाउडवर भाड्याने घेतलेला पत्ता काल दुसऱ्या कोणाचा असतो आणि आधीच्या भाडेकरूची उधारी नव्याच्या माथी येते. म्हणून जाणता मनुष्य दुरुस्तीला बसला की आधी यादी तपासतो. मग उलट डीएनएस पाहतो. पत्त्यावरून नाव आणि त्या नावावरून तोच पत्ता निघाला पाहिजे. ही नोंद डोमेनच्या मालकाला करता येत नाही, ती आयपी देणाऱ्या कंपनीकडून मागावी लागते, आणि यातच कित्येकांचे दिवस जातात.

पोस्टेल यांनी न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर २००३ नंतर तुकड्यातुकड्यांनी आले. मेंग वेंग वाँग यांच्या पुढाकाराने आलेल्या एसपीएफमुळे आपल्या डोमेनचे टपाल कोणत्या यंत्रांतून निघेल, हे डीएनएसमध्ये जाहीर करता येऊ लागले. त्यात एक मेख आहे. ही नोंद वाचताना दहापेक्षा अधिक डीएनएस विचारणा कराव्या लागल्या, तर ती निकामी ठरते. बिलांची सेवा, वार्तापत्राची सेवा, मेलची सेवा अशी भर पडत गेली की छोटा व्यवसायही ही मर्यादा नकळत ओलांडतो. याहू आणि सिस्को यांच्या प्रयत्नांच्या मिलाफातून २००७ मध्ये डीकेआयएम प्रमाणित झाले. पत्रावर गणिती सही, आणि ती पडताळण्याची किल्ली डीएनएसमध्ये. तेथेही २०४८ बिटांची किल्ली २५५ अक्षरांच्या एका तुकड्यात मावत नाही. ती नीट तोडून लिहिली नाही तर सही खोटी ठरते.

२०१२ मध्ये जाहीर झालेल्या डीमार्कने या दोहोंची सांगड वाचकाला दिसणाऱ्या 'फ्रॉम' पत्त्याशी घातली. एप्रिल २०१४ मध्ये याहूने ते कठोरपणे लागू करताच जगभरच्या मेलिंग लिस्ट कोलमडल्या, कारण त्या सभासदाचे पत्र त्याच्याच नावाने पुढे धाडत. जुना शेजारधर्म असा पुन्हा एकदा संशयित ठरला.

फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहू यांनी नियम आणखी आवळले. जीमेलकडे दिवसाला ५००० वा अधिक पत्रे धाडणाऱ्यास एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क तिन्ही सक्तीचे झाले, आणि तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवणे आले. लहान प्रेषकालाही पहिल्या दोहोंपैकी एक आणि योग्य उलट डीएनएस लागतेच. तरीही सारे अचूक असून पत्र स्पॅममध्ये जाऊ शकते, कारण महिन्याला दोनशे पत्रे धाडणाऱ्याची पत जोखायला पलीकडे पुरेशी सामग्रीच नसते. थोरामोठ्यांचे टपाल त्यांच्या आकारामुळे तरते, हे मला या व्यवस्थेचे सर्वांत खुपणारे अंग वाटते.

डीमार्कची एक देणगी मात्र लहानांच्या उपयोगाची आहे. आपल्या नावाने कोठून किती टपाल निघाले, याचे अहवाल बहुधा रोज एकदा, फुकट मिळतात. आमच्या मुद्रकाने ते उघडले, तर सहीविना हिंडणारे पत्र बहुतेक वेळा कोणा भामट्याचे नसते. ते त्याच्याच बिलिंग सॉफ्टवेअरचे असते.