सर्पगंधा ते हॅलोपेरिडॉल : गोळी कोणाची, देह कोणाचा?



आपल्या अभ्यासवर्गात मानसिक आजाराचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं. "डिप्रेशन-बिप्रेशन काही नसतं, ही जातीनं दिलेली जखम आहे; गोळ्या म्हणजे बंडखोराला गप्प बसवायचं औषध." वर्गात हे बोलणारा कार्यकर्ता घरी गेला की त्याची आजी म्हणते, बाहेरची बाधा आहे, लिंबू उतरून टाका. आणि मोबाईलवर तिसरंच आलेलं असतं: वेड्याचं औषध आपल्या ऋषिमुनींनी हजारो वर्षांपूर्वीच शोधलं होतं, पाश्चात्त्यांनी चोरलं.

ही तिन्ही मतं आम्हाला मान्य नाहीत. पण पहिल्या वाक्यात थोडं तथ्य आहे, म्हणून ते नुसतं झटकून टाकताही येत नाही. या गोळ्यांचा इतिहास आपण स्वतः वाचला पाहिजे.

सुरुवात सर्पगंधापासून करू. बिहारच्या खेड्यांत या झुडपाच्या मुळीला 'पागल की दवा' म्हणत. कोणत्या ऋषीनं ती शोधली याचा पुरावा नाही. खेड्यापाड्यातली माणसं ती वापरत आली, गरीब घरांत रडकं मूल झोपवायलाही देत. त्या माणसांची नावं कुठेच नोंदलेली नाहीत. आधुनिक वैद्यकातली महत्त्वाची नोंद 1931 सालची. कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेड आणि रक्तदाब या दोन्हींवर मुळीचा उपयोग होतो असा लेख छापला. त्याच सुमारास दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमाँ सिद्दीकी आणि त्यांचे सहकारी त्याच मुळीतून रासायनिक घटक वेगळे काढत होते. हकीम अजमल खानांच्या नावावरून एका घटकाला त्यांनी 'अजमलीन' म्हटलं. म्हणजे या आधुनिक नोंदींमागे दिसतात ते एक वैद्यकुळातले डॉक्टर, एक मुसलमान रसायनशास्त्रज्ञ, आणि पुढे मुंबईचे एक पारशी डॉक्टर. वेदांच्या नावानं टाळ्या घेणाऱ्यांनी ही यादी एकदा मोठ्यानं वाचावी.

ते पारशी डॉक्टर म्हणजे रुस्तम जाल वकील. 1949 साली त्यांनी 50 रक्तदाबाच्या रुग्णांवरचा अभ्यास ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापला आणि मग जगाचं लक्ष गेलं. 1952 मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीनं मुळीतलं मुख्य रसायन वेगळं काढलं, त्याचं नाव रेसर्पीन. न्यूयॉर्कजवळच्या रॉकलँड स्टेट हॉस्पिटलात नेथन क्लाइन यांनी ते मनोरुग्णांना दिलं. तिथली एक गोष्ट सांगितली जाते. औषधाचा परिणाम आधी कळला तो खिडक्यांच्या काचा बसवणाऱ्या कामगाराला, कारण त्या वॉर्डात काचा फुटायच्या कमी झाल्या होत्या. 1957 चा लास्कर पुरस्कार वकील आणि क्लाइन दोघांनाही मिळाला. क्लोरप्रोमाझीन हे दुसरं औषध वापरात आणणारे लाबोरी, डेनिकर आणि लेमान हेही त्याच वर्षीच्या मानकऱ्यांत होते. क्लोरप्रोमाझीन 1952 साली पॅरिसच्या सेंट-ॲन रुग्णालयात मनोरुग्णांना दिलं गेलं होतं. वर्षानुवर्षं साखळदंडात किंवा कोठडीत असलेली माणसं बोलायला लागली, हे खरं आहे, आणि ते खोटं म्हणण्यात आपला काही फायदा नाही.

रेसर्पीनची पुढची कथा गंमतीची आहे. रक्तदाबासाठी ते घेणारे काही रुग्ण खिन्न होतात, असे अहवाल आले. नंतर प्रयोगशाळेत दिसलं की ते मेंदूतलं सेरोटोनिन कमी करतं. त्यावरून "सेरोटोनिन कमी झालं की नैराश्य येतं" हा सिद्धान्त उभा राहिला, जो आजही डॉक्टर दोन मिनिटांत रुग्णाला ऐकवतात. पण 1955 सालीच लंडनमध्ये डेव्हिस आणि शेफर्ड यांनी चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडून, एकाला रेसर्पीन आणि दुसऱ्याला नुसती दिखाऊ गोळी देऊन चाचणी घेतली होती. त्यात चिंताग्रस्त आणि खिन्न रुग्णांना रेसर्पीननं बरं वाटलं! सिद्धान्ताला न जुळणारा पुरावा होता, म्हणून तो फारसा कोणी आठवला नाही. 2022 मध्ये जोआना मॉनक्रिफ आणि सहकाऱ्यांनी सगळे अभ्यास एकत्र तपासून सेरोटोनिनच्या कमतरतेला भक्कम आधार नसल्याचं लिहिलं, तेव्हा मोठा गदारोळ झाला.

मग गोळ्या खोट्या का? नाही. कारण चुकीचं सांगितलं म्हणून परिणाम खोटा ठरत नाही. 2018 साली लॅन्सेटमध्ये 522 चाचण्यांचा, 1,16,477 रुग्णांचा आढावा आला. 21 नैराश्यविरोधी औषधांपैकी प्रत्येक औषध दिखाऊ गोळीपेक्षा सरस ठरलं, पण सरासरी फरक बेताचाच. स्किझोफ्रेनियात चित्र जास्त स्पष्ट आहे. 2012 च्या लॅन्सेटमधल्या आढाव्यात औषध चालू ठेवणाऱ्यांपैकी सुमारे 27 टक्के लोकांचा आजार वर्षभरात उलटला, औषध थांबवून दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत तेच प्रमाण 64 टक्के होतं. वजन वाढणं, थरथर, सुस्ती हे त्रास औषध घेणाऱ्यांत जास्त होते, तेही त्याच आढाव्यात आहे. 'गोळ्या हा कट आहे' असं एखाद्या पोराला सांगून त्याचं औषध बंद करायला लावणारा कार्यकर्ता या आकड्यांतल्या फरकाची जबाबदारी घेणार आहे का? कालाम सुत्त आपण भाषणात सांगतो. तीच कसोटी गोळीलाही लावा आणि आपल्या घोषणांनाही.

आता त्या पहिल्या वाक्यातल्या तथ्याकडे.

न्यूयॉर्कच्या स्टेटन बेटावर सी व्ह्यू नावाचं क्षयरोग्यांचं रुग्णालय होतं. 1929 च्या आसपास गोऱ्या परिचारिका संसर्गाच्या भीतीनं नोकरी सोडून जाऊ लागल्या, तेव्हा दक्षिणेकडच्या राज्यांतून काळ्या परिचारिका आणल्या गेल्या. जिथे मरण होतं तिथे त्यांना नोकरी मिळाली. (हा नियम आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही. गटारात कोण उतरतं ते आपण पाहतोच.) 1952 मध्ये तिथे आयसोनियाझिड आणि आयप्रोनियाझिड या क्षयाच्या औषधांची चाचणी झाली. रुग्ण उठून वॉर्डात नाचायला लागले, त्याचे फोटो छापून आले. नुसती छाती बरी होत नाहीये, मनही उल्हसित होतंय, हे लक्षात आलं आणि 1957 मध्ये क्लाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयप्रोनियाझिड नैराश्यावर वापरलं. 1964 साली क्लाइन यांना दुसऱ्यांदा लास्कर मिळाला. त्यावर त्यांचेच एक सहकारी श्रेयासाठी कोर्टात गेले. डॉक्टर-डॉक्टर श्रेयासाठी भांडले, पण त्या परिचारिकांचं नाव दोन्ही बाजूंच्या कागदात नव्हतं. सत्तर वर्षांनी, 2023 मध्ये त्यांच्यावर पुस्तक आलं.

आयप्रोनियाझिडच्याच काळातलं दुसरं नैराश्याचं औषध इमिप्रामीन. ते रोलँड कून यांनी स्वित्झर्लंडच्या म्युन्स्टरलिंगेन रुग्णालयात शोधलं. अनेक वर्षं त्यांचा गौरव झाला. पुढे त्या प्रांताच्या सरकारनं इतिहासकारांना कागदपत्रं तपासायला लावली आणि 2019 साली अहवाल पुस्तकरूपानं आला. कित्येक दशकं साठाहून अधिक रसायनं एक हजाराहून जास्त रुग्णांवर तपासली गेली होती, त्यांत लहान मुलंही होती. बहुतेकांना आपल्यावर प्रयोग चालू आहे हे माहीतच नव्हतं. औषध उपयोगी निघालं म्हणून ही फसवणूक माफ होत नाही.

आणि तिसरी गोष्ट पँथरची. 1968 साली अमेरिकेत ब्रॉमबर्ग आणि सायमन या दोन मानसोपचारतज्ज्ञांनी 'निषेधाचा मनोविकार' असं नाव देऊन लेख लिहिला. काळ्या माणसांच्या मुक्तिलढ्यातला राग त्यांनी रोगाच्या लक्षणांत नेऊन बसवला. 1974 मध्ये हॅलोपेरिडॉलची जाहिरात मानसोपचाराच्या मोठ्या नियतकालिकात आली, तिच्यात मूठ आवळलेला, चिडलेला काळा माणूस होता आणि या गोळीनं तो सहकार्य करू लागेल असं आश्वासन होतं. जोनाथन मेट्झल यांनी मिशिगनच्या आयोनिया रुग्णालयाची दप्तरं धुंडाळून दाखवलं की साठच्या दशकात स्किझोफ्रेनियाचा शिक्का गोऱ्या गृहिणींवरून काळ्या पुरुषांवर सरकला. 1972 मध्ये मुंबईत ढसाळ, ढाले, ज. वि. पवार यांनी ज्या पँथरचं नाव घेतलं, त्यांच्याच मुठीवर हे औषध विकलं जात होतं. म्हणून 'बंडखोराला गप्प बसवायचं औषध' हे वाक्य हवेतून आलेलं नाही. पण चूक रसायनाची नव्हती. निदान कोणाच्या हातात आहे, हा तिथला प्रश्न होता.

हाच प्रश्न 2005 मध्ये आपल्या दारात आला. रिस्पेरिडोन या औषधाची तीव्र उन्मादावरची चाचणी भारतातल्या रुग्णालयांत झाली, 290 रुग्ण, तीन आठवडे. जवळपास निम्म्यांना दिखाऊ गोळी. लिथियमसारखी औषधं हाताशी असताना इतक्या आजारी माणसांना काहीच न देणं योग्य होतं का, आणि अशा अवस्थेत त्यांनी दिलेली संमती खरी कशी मानायची, असे सवाल ब्रिटिश जर्नल ऑफ सायकियाट्रीतच विचारले गेले. संशोधकांनी परवानग्या आणि संमती असल्याचं उत्तर दिलं. असेल. पण हे रुग्ण कोणत्या वस्तीतून, कोणत्या जातीतून आले होते, हे आम्हाला त्या चर्चेत कुठेच सापडलं नाही. कोणी विचारलंच नव्हतं.

पुढे इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंचानं 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. त्या रेट्यानं 2013 मध्ये संमतीचं दृक्‌श्राव्य चित्रण बंधनकारक झालं. 2015 मध्ये ते फक्त नव्या रसायनांच्या चाचण्यांतल्या दुर्बळ गटांपुरतं आकसलं. 2019 चे नियम आता लागू आहेत. त्यांनुसार माहितीपत्रक रुग्णाला समजेल त्या भाषेत मिळालं पाहिजे, कधीही बाहेर पडता आलं पाहिजे, इजा झाली तर उपचार आणि भरपाई मिळाली पाहिजे. तुमच्या घरातल्या कोणाला अशा कागदावर सही मागितली तर एक प्रत घरी आणा, आम्हाला दाखवा.

2009 पासून देशातली प्रत्येक औषध-चाचणी सरकारी नोंदवहीत नोंदवणं सक्तीचं आहे. ती इंटरनेटवर कोणालाही पाहता येते, पण इंग्रजीत आहे. महाराष्ट्रातल्या मानसोपचाराच्या चाचण्यांच्या नोंदी मराठीत उतरवायचं काम आम्ही हाती घेत आहोत. फार्मसी किंवा नर्सिंगला असलेले दोन-तीन विद्यार्थी हवे आहेत, शनिवारच्या अभ्यासवर्गाला या.