छत्तीसचा आकडा

तिकीट हातातच असू द्या, दारावरचा माणूस पुन्हा मागेल. रोजचं तिकीट वेगळं, जेमतेम हजार छापलेली, आणि त्यासाठी वॉशिंग्टनमधल्या भल्याभल्यांनी सिनेटरांच्या दारात खेटे घातलेत. तारीख १६ मे १८६८, शनिवार. दुपारचे बारा वाजत आलेत. गॅलरीच्या कठड्यावरून खाली बघा.

सिनेटच्या सभागृहाला खिडकी नाही. उजेड येतो तो छताच्या काचांमधून. उंच खुर्चीवर काळ्या झग्यात बसलेत ते सरन्यायाधीश सॅमन चेस. एरवी ती खुर्ची उपराष्ट्राध्यक्षाची. पण राष्ट्राध्यक्ष गेला तर ज्याला गादी मिळायची त्यालाच न्याय करायला बसवू नये, एवढं घटना लिहिणाऱ्यांना कळत होतं. तरी एक भोक राहिलंच. सध्या देशाला उपराष्ट्राध्यक्षच नाही, त्यामुळे राष्ट्राध्यक्षपद सिनेटचे हंगामी अध्यक्ष बेन वेड यांच्याकडे जाईल. आणि वेडसाहेब खाली इतरांबरोबर मत द्यायला बसलेत!

आरोपी शोधू नका. राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन व्हाइट हाउसमध्ये आहेत. त्यांना यायची फार इच्छा होती, वकिलांनी येऊ दिलं नाही. शहाणपणाचंच झालं म्हणायचं, कारण अकरा कलमांच्या आरोपपत्रातलं एक आख्खं कलम जॉन्सन यांनी जाहीर सभांमधून संसदेवर जे तोंडसुख घेतलं त्याबद्दल आहे.

हा टेनेसीचा शिंपी. शाळेचं तोंड न पाहिलेला. दक्षिणेतली राज्यं फुटली तेव्हा त्या राज्यांच्या सिनेटरांपैकी हा एकटा जागचा हलला नाही, म्हणून १८६४ मध्ये लिंकननी त्याला जोडीला घेतलं. उपराष्ट्राध्यक्षपदाची शपथ त्याने झिंगलेल्या अवस्थेत घेतली, आणि सहा आठवडे होतात न होतात तोच लिंकनवर गोळी झाडली गेली. नंतरची तीन वर्षं जॉन्सन आणि संसद यांच्यातून विस्तव जात नव्हता. गुलामगिरीतून सुटलेल्या चाळीस लाख माणसांचं पुढे काय करायचं, हा वाद होता. बंडखोरांना जॉन्सननी सढळ हाताने माफी दिली, मुक्त गुलामांनी कसायला घेतलेली जमीन जुन्या मालकांना परत केली, नागरी हक्कांचं विधेयक नाकारलं. ते संसदेने त्यांच्या नाकावर टिच्चून मंजूर केलं. १८६६ मध्ये मेम्फिसला आणि न्यू ऑर्लिन्सला कृष्णवर्णीयांची कत्तल झाली, तरी साहेबांचा रोख संसदेवरच. आणखी पाच वर्षांनी पुण्यात जोतीराव फुले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या ज्या लोकांना अर्पण करणार आहेत, त्यांच्यातले काही आज या दालनात आहेत. फिर्यादी बाजूचे थॅडियस स्टीव्हन्स बघा. इतके खंगलेत की त्यांना खुर्चीत बसवून उचलून आणावं लागतं.

आता आरोपपत्र चाळा. सभांमधलं तोंडसुख सोडलं तर वरच्या पापांपैकी एकही त्यात नाही. बहुतेक कलमं एका नोकरीभोवती फिरतात.

संसदेने १८६७ मध्ये कायदा केला, की सिनेटने मंजूर केलेल्या अधिकाऱ्याला सिनेटला विचारल्याशिवाय काढायचं नाही. सापळाच तो. जॉन्सननी २१ फेब्रुवारीला युद्धमंत्री एडविन स्टँटन यांना काढलं आणि लॉरेन्झो थॉमस नावाच्या जनरलला त्यांच्या जागी पाठवलं. स्टँटन कचेरीतच ठाण मांडून बसले. थॉमस त्या रात्री मुखवट्यांच्या नाचाला गेले आणि सकाळी उपाशीपोटी पकडले गेले. जामिनावर सुटून पुन्हा स्टँटनसमोर हजर! तू जा, मी नाही जात, असं बरंच झाल्यावर थॉमस कुरकुरले, की पुढच्या वेळी निदान काही खाऊ-पिऊ घालून तरी पकडा. स्टँटननी त्यांच्या गळ्यात हात टाकला, केसांतून बोटं फिरवली आणि व्हिस्की मागवली. दोघांनी वाटून घेतली. ही हकीकत थॉमसनी याच दालनात साक्षीत सांगितली. दोन म्हातारे व्हिस्की पितात, याला राज्य उलथवण्याचा कट कसं म्हणायचं?

शिवाय स्टँटनना नेमलं होतं लिंकननी. कायद्याचं संरक्षण, ज्याने नेमलं त्याच्या मुदतीपुरतं आणि वर एक महिना. मग ते स्टँटनना लागू तरी होतं का? बचावाच्या वकिलांनी यावर दिवसच्या दिवस किस पाडला.

प्रतिनिधीगृहाने १२६ विरुद्ध ४७ मतांनी महाभियोग केला तो २४ फेब्रुवारीलाच. पण महाभियोग म्हणजे फक्त आरोप. त्याला साधं बहुमत पुरतं. पदावरून काढायला सिनेटची दोन तृतीयांश मतं लागतात. शिक्षाही तेवढीच: पद जातं, पुढची पदं बंद करता येतात, तुरुंग नाही. आणि गुन्हा कोणता? घटनेच्या मसुद्यात आधी देशद्रोह आणि लाचखोरी एवढंच होतं. सप्टेंबर १७८७ मध्ये जॉर्ज मेसन म्हणाले, एवढ्याने भागणार नाही, हेस्टिंग्जने कुठे देशद्रोह केलाय? तोच आपला वॉरन हेस्टिंग्ज, ज्याच्यावरच्या आरोपांत मराठ्यांशी केलेलं युद्धही होतं. मेसनना ‘गैरकारभार’ घालायचा होता. मॅडिसन म्हणाले, फारच मोघम. मग राष्ट्राध्यक्ष सिनेटच्या मर्जीवरच राहील. तडजोडीत ‘इतर मोठे गुन्हे आणि दुर्वर्तन’ आलं. तेही मोघमच. जॉन्सन यांचा खरा दोष गैरकारभारातच बसला असता, आणि तो शब्द गाळलेला असल्यामुळे फिर्यादींना नोकरीच्या कायद्याची काठी शोधावी लागली, असं मला वाटतं.

श्श, पुकारा सुरू झाला.

सिनेटर ५४, हवीत ३६. जॉन्सन यांची बारा मतं पक्की. सगळ्यात भरभक्कम वाटणारं अकरावं कलम आधी घेतलंय. चेस एकेकाचं नाव घेतात, सिनेटर उभा राहतो, प्रश्न तोच: दोषी की निर्दोष? फेसेंडेन, रिपब्लिकन: निर्दोष. फाउलर, रिपब्लिकन: निर्दोष. ग्राइम्सना तीनच दिवसांपूर्वी पक्षाघाताचा झटका आलाय. बसूनच सांगा, चेस म्हणतात. ते दोघांच्या आधाराने उठतात. निर्दोष. हेंडरसन, निर्दोष. आता कॅन्ससचे एडमंड रॉस. मांडीवर कागदाचे कपटे पडलेत, बोटं अजून फाडतायत. गॅलरीत पंख्यांची सळसळसुद्धा थांबलीय.

निर्दोष.

पुढे ट्रंबुल आणि व्हॅन विंकल. वेडही मत देतात, दोषी म्हणून, संकोच कुठला? एकूण ३५ विरुद्ध १९. एक मत कमी पडलं. २६ तारखेला आणखी दोन कलमं घेतील, आकडे तेच येतील, आणि स्टँटन त्याच दिवशी कचेरी सोडतील.

तुम्ही ज्या काळातून आलात तिथेही महाभियोगाने पदावरून काढलेल्या राष्ट्राध्यक्षांची पाटी कोरीच आहे. निक्सन महाभियोगाआधीच राजीनामा देऊन गेले. क्लिंटन सुटले, ट्रम्प दोनदा सुटले.

‘निर्दोष’ म्हणणाऱ्या त्या सात रिपब्लिकनांपैकी एकही पुन्हा सिनेटवर निवडून आला नाही. पुढे पुस्तकांनी रॉसना तत्त्वासाठी बळी गेलेला माणूस ठरवलं. पण घाई करू नका, आणखी काही आठवडे इथेच थांबा. रॉस व्हाइट हाउसला चिठ्ठ्या पाठवायला लागतात, आपल्या माणसांना नोकऱ्या द्या म्हणून. जॉन्सन काही देतातही.