टाके निघाल्यानंतरचं आयुष्य

मी व्यवसायोपचारतज्ज्ञ. डोक्याला मार लागलेल्या प्रौढांच्या घरी जाते. गॅस आठवणीने बंद करणं, सुटे पैसे मोजणं, एकट्याने एसटीने जाणं, हे पुन्हा शिकवणं माझं काम. या कामाची मुळं युद्धांत आहेत.

पहिल्या महायुद्धात कुर्ट गोल्डश्टाइन यांनी फ्रँकफुर्टमध्ये मेंदूला इजा झालेल्या सैनिकांसाठी संस्था उभारली. तपासण्यांबरोबर तिथे प्रत्यक्ष कामाचीही पारख होई. दुसऱ्या महायुद्धात अलेक्झांडर लुरिया यांनी उरल भागातल्या रुग्णालयात पुढची वाट दाखवली: मेंदूचा जो भाग निकामी झाला, त्याचं काम शाबूत भागांकडून वेगळ्या पद्धतीने करवून घ्यायचं.

मुंबईच्या केईएम रुग्णालयात 1950 साली व्यवसायोपचाराचं शिक्षण सुरू केलं ते कमला निंबकर यांनी. जन्माने अमेरिकन असलेल्या या बाईंचं ऋण मी मानते. प्राथमिक आरोग्यसेवेवरच्या 1978 च्या आल्मा-आता परिषदेनंतर जागतिक आरोग्य संघटनेने समाजाधारित पुनर्वसनाचा पुरस्कार केला. संघटनेची 1989 ची पुस्तिका घरच्यांना आणि गावातल्या कार्यकर्त्यांनाच शिकवणारी होती.

मेंदूच्या इजेत घरच्यांना असं शिकवण्याची फार गरज असते. हातपाय धड दिसतात. विसर, संताप, निरुत्साह यांची कारणं दिसत नाहीत. मग घरचे म्हणतात, "आळशी झालाय." म्हणून मी भावाला, बायकोला, कोपऱ्यावरच्या किराणावाल्यालाही समजावते. माणूस ज्यांच्यात राहतो, त्यांना शिकवल्याशिवाय त्याचं पुनर्वसन पूर्ण होत नाही.