मृत्युपत्र

मरणोत्तर मिळकतीची व्यवस्था सांगणारा दस्त. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ नुसार सज्ञान व शुद्धीवर असलेली व्यक्ती तो करू शकते आणि हयातीत केव्हाही बदलू शकते. मुद्रांक लागत नाही, नोंदणीही ऐच्छिक. नोंदवलेले मृत्युपत्र अभेद्य असते हा समज मात्र चुकीचा. खरी मेख साक्षीदारांत. किमान दोघांनी कर्त्याची सही होताना पाहिलेली किंवा त्याच्या तोंडून तिची कबुली ऐकलेली असावी लागते, आणि त्याच्यासमक्ष स्वतः सही करावी लागते. पुढे वाद झाल्यास यांतला एक तरी कोर्टात उभा राहावा लागतो. म्हणून साक्षीला समवयस्क मित्र घेणे शहाणपणाचे नाही. मुस्लिम कायद्यात वारसांच्या संमतीविना एक तृतीयांशापेक्षा जास्त मिळकत देता येत नाही. गोव्यात पोर्तुगीज परंपरेच्या कायद्यामुळे अपत्यांचा निम्मा हिस्सा राखीव असतो.