दाब, गळती आणि एक लहानशी वाटी

जुन्या मोटारीच्या क्लचवर पाय ठेवावा आणि तो पेडल कापसात रुतल्यासारखा खाली जावा. गिअर टाकू गेले तर दात कर्रकर्र वाजावेत, हा अनुभव जुनी गाडी बाळगणाऱ्यास नवा नाही. अशा वेळी मालक घाबरतो आणि घाईचा मिस्त्री गिअरबॉक्स उतरवून क्लचप्लेट बदलण्याची भाषा करू लागतो. वस्तुतः दोष पुष्कळदा तिथे नसतोच. तो असतो एका लहानशा रबरी वाटीत; आणि त्या वाटीमागे सव्वादोनशे वर्षांहून अधिक काळाचा इतिहास उभा आहे.

कोंडलेल्या द्रवावर एके ठिकाणी दिलेला दाब सर्वत्र सारखाच पोहोचतो, हा सिद्धान्त फ्रेंच विचारवंत ब्लेझ पास्काल याने मांडला. त्याचा हा ग्रंथ छापला गेला तो त्याच्या मृत्यूनंतर, 1663 साली. परंतु सिद्धान्त कळला म्हणून यंत्र होत नाही. 1795 साली लंडनच्या जोसेफ ब्रामा या कुलूपकाराने पाण्याच्या दाबयंत्राचे पेटंट घेतले, तेव्हा पास्कालने न सोडविलेला एक क्षुद्र वाटणारा प्रश्न पुढे आला. दट्ट्या घट्ट बसवावा तर तो हलेना. सैल ठेवावा तर कडेने पाणी उसळे. उत्तर सापडले ते चामड्याच्या वाटीसारख्या वळलेल्या कड्यात. दाब वाढला की त्याचे ओठ फाकून भिंतीला चिकटत. म्हणजे गळतीला कारण होणारा दाबच गळती थांबवी! या युक्तीचे श्रेय ब्रामाच्या कारखान्यातील तरुण कारागीर हेन्री मॉडस्ले यास दिले जाते. आठवड्याला 30 शिलिंगांवर राबणाऱ्या या माणसाने 1797 साली पगारवाढ मागितली, ती नाकारली गेली आणि त्याने आपले स्वतंत्र दुकान थाटले. पेटंटावर नाव मात्र ब्रामाचेच राहिले.

मोटारीच्या बाबतीतही तेच घडले. अमेरिकेत माल्कम लॉकहीडने द्रवदाबाचे ब्रेक सिद्ध केले. 1921 साली ड्यूसेनबर्गच्या गाडीत ते चारही चाकांना आले. पण चामड्याच्या वाट्या गळत. 1924 च्या क्रायस्लर गाडीसाठी रबरी वाट्या आल्या, तेव्हा कुठे हा ब्रेक भरवशाचा झाला. क्लचला ही सोय पुढे मिळाली. इंजिन रबरी बैठकीवर हलते, पेडल मात्र सांगाड्याला जखडलेले. दोघांना दांड्यांनी जोडले की धक्के पायापर्यंत येतात. लवचीक नळीतला द्रव ही अडचण सहज ओलांडतो. म्हणून 1955 ची एम.जी.ए., 1959 ची मिनी आणि 1962 ते 1980 या काळात पाच लाखांहून अधिक बनलेली एम.जी.बी., या ब्रिटिश गाड्यांनी हीच पद्धत स्वीकारली.

आता पेडल मऊ का होतो ते पाहा. द्रव जवळजवळ दबत नाही, हवा दबते. नळीत हवेचा बुडबुडा शिरला की पायाचे श्रम त्याला दाबण्यातच खर्ची पडतात. दोन-चारदा भराभर दाबल्यावर पेडल कडक झाला, तर हवा आहे असे समजावे. दाबून धरला असता सावकाश खाली बसत गेला, तर गळती आहे; बाहेर थेंब दिसत नसेल, तर मास्टर सिलिंडरमधील वाटी झिजली आहे. खालच्या स्लेव्ह सिलिंडरची रबरी टोपी उचलून ओल आहे का ते पाहावे. आणि दोन्ही ठिकाणे कोरडी असतील तर पेडलच्या सांध्यातील खिळ तपासावी. तिचे भोक लांबट झाले, तर द्रव निर्दोष असूनही चाल वाया जाते.

हवा काढण्यास दोन माणसे लागतात. खालच्या निपलला नळी लावून तिचे टोक ब्रेक ऑइलच्या बाटलीत बुडवावे. एकाने पेडल दाबावा, दुसऱ्याने निपल उघडून, पाय वर येण्यापूर्वीच ते बंद करावे. बुडबुडे थांबेपर्यंत हे चालावे आणि वरची टाकी रिकामी होऊ देऊ नये. साधे इंजिन ऑइल तर चुकूनही घालू नये. त्याने या रबरी वाट्या फुगून निकामी होतात. ब्रेक ऑइल हवेतील ओल शोषते, त्यामुळे सिलिंडरला आतून गंज चढून खळगे पडतात. अशा सिलिंडरात नवी वाटी बसविणे म्हणजे ती कापायला देणेच होय.

हे सारे पैसे वाचविण्यापुरतेच नाही. एम.जी.ए.मध्ये क्लच आणि ब्रेक यांची टाकी एकच होती. तिथे क्लचखाली पडणारा थेंब ब्रेकच्याच वाट्याचा असे. म्हणून पेडल मऊ लागला की नुसते तेल भरून गाडी पुढे दामटू नये. आधी थेंब कुठून पडतो ते शोधावे. मॉडस्लेने तेच केले होते.